पाचवी भाषा

सुरतेच्या लिंबायतमधला मराठी मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयात पोचते, तेव्हा इंग्रजी ही तिची बहुधा पाचवी भाषा असते. घरात आजीशी अहिराणी, शाळेत पुस्तकातली मराठी, गल्लीत आणि कामावर हिंदी, रिक्षात, बँकेत आणि पुढे कॉलेजच्या वर्गात गुजराती. या चारही भाषा ती दिवसभर विचार न करता बदलत असते. इंग्रजीपाशी मात्र ती अडते, आणि तिच्याबद्दल एकच शब्द वापरला जातो: ‘कच्ची’.

लिंबायत, डिंडोली, नवागाम, गोडादरा, उधना हा सुरतेचा सलग पट्टा खानदेशातून आलेल्या कुटुंबांनी भरलेला आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांना तापीच्या काठाने जाणाऱ्या रेल्वेने सुरत जवळ आणली. कोरडवाहू शेतीत भागेना तेव्हा माणसे उधन्याला उतरली आणि लूमवर, डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये, रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये कामाला लागली. पहिली पिढी मजुरीत गेली. तिच्या मुलांसाठी सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीने मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालवल्या. गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळाही याच समितीकडे आहेत. त्यामुळे मूल आपल्या भाषेत अक्षर गिरवू शकते, ही लहान गोष्ट नाही. अडचण पुढे येते. दहावी किंवा बारावीनंतर मराठी माध्यम संपते. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या महाविद्यालयांत कला आणि वाणिज्य शाखेचा वर्ग मुख्यतः गुजरातीत चालतो, आणि बाजूला इंग्रजीचा पेपर असतो. शाळेत ‘पुस्तपालन’ शिकलेली मुलगी कॉलेजात ‘नामुं’ ऐकते आणि नोकरीच्या जाहिरातीत ‘अकाउंट्स’ वाचते. विषय एकच असला तरी तिला तो तीनदा ओळखावा लागतो.

मराठी माणसाचा आणि सुरतेतल्या इंग्रजीचा संबंध मात्र मजुरीच्या काळापेक्षा जुना आहे. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४०च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. दुर्गाराम मेहता यांच्यासारख्या गुजराती सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १८४४ मध्ये याच शहरात मानवधर्म सभा स्थापन केली. एक मराठी शिक्षक गुजराती मुलांना इंग्रजी शिकवतो आणि त्या मुलांच्या शहरात समाजसुधारणेची सभा उभी राहते, हे दृश्य लिंबायतच्या मुलांना कुणी सांगत नाही. सांगायला हवे. परकी भाषा शिकणारा माणूस आपल्या भाषेपासून तुटतोच असे नाही, याचे उदाहरण त्यांच्याच शहरात आहे.

पुढे धोरणे बदलत गेली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी खालच्या इयत्तांतून काढून आठवीपासून ठेवली गेली. सुरत तेव्हा त्याच राज्यात होती. १ मे १९६० नंतर महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गुजरातमध्ये उच्च शिक्षणही मातृभाषेत द्यावे, असा जोरदार आग्रह होता. गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू मगनभाई देसाई या मताचे इतके मोठे पुरस्कर्ते होते की त्या धोरणाला ‘मगन माध्यम’ असे नाव पडले. मातृभाषेचा आग्रह योग्यच होता, पण इंग्रजी उशिरा सुरू होण्याची किंमत ज्यांच्या घरी इंग्रजीचे कुणीच नव्हते त्यांनी अधिक मोजली. महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. गुजरातमध्ये पहिलीपासून इंग्रजीची ओळख करून देण्याचा निर्णय २०२२ मध्ये आला. म्हणून धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरच्या चुलतभावाने पहिलीतच इंग्रजी मुळाक्षरे गिरवली आणि लिंबायतच्या भावाने ती बऱ्याच उशिरा. दिवाळीत दोघे भेटतात तेव्हा हा फरक ‘तो हुशार, हा कच्चा’ अशा शब्दांत सांगितला जातो. खरा फरक वर्षांचा असतो.

‘कच्चे इंग्रजी’ म्हणजे नेमके काय, हे तपासले तर चित्र वेगळे दिसते. असा विद्यार्थी अक्षरे वाचतो, परिच्छेद मोठ्याने म्हणून दाखवतो, बारावीचा पेपर पासही झालेला असतो. पास होण्याची वाट गाइड आणि ‘आयएमपी’ प्रश्नांतून गेलेली असते. निबंध पाठ, पत्र पाठ, उताऱ्याची उत्तरे उताऱ्यातूनच उचललेली. सात-आठ वर्षांत स्वतःच्या मनातले एकही वाक्य इंग्रजीत जुळवण्याची वेळ आलेली नसते. ‘तुझे वडील काय करतात?’ या प्रश्नावर तो गप्प होतो. वडील काय करतात हे त्याला माहीत आहे, लूम हा शब्दही माहीत आहे. दोहोंना जोडणारा सांधा त्याच्या हाताखालून कधी गेलेला नाही.

शब्दांची गरिबी तर वाटते तेवढी नसतेच. मार्केटमध्ये दुपारनंतर बिलिंगला बसणाऱ्या मुलाच्या तोंडात पार्सल, डिस्पॅच, पेमेंट, पेंडिंग, डिस्काउंट, ब्रोकर, डिझाइन नंबर, गुड्स रिटर्न, ट्रान्सपोर्ट, क्वालिटी हे शब्द रोजचे असतात. त्याची बहीण घरी आईबरोबर साडीला लेस आणि स्टोन लावते. तिला बॉर्डर, मॅचिंग, फॉल, सेट, पीस, फिनिशिंग हे शब्द कुणी शिकवलेले नाहीत, तरी ती ते चुकवत नाही. ‘पेमेंट पेंडिंग आहे’ हे वाक्य दिवसातून दहा वेळा बोलणाऱ्याला ‘द पेमेंट इज पेंडिंग’ इथपर्यंत न्यायला एक पायरी लागते. पण वर्गात त्याच्यासमोर बर्फाच्छादित डोंगरावरचा धडा असतो आणि त्याच्याकडे असलेले शेकडो शब्द हिशेबात धरलेच जात नाहीत.

प्रेरणेचा प्रश्न इथूनच सुरू होतो. कॅनडातील रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९५९ पासून दुसरी भाषा शिकण्यामागच्या प्रेरणेचा अभ्यास केला आणि दोन प्रकार सांगितले. एकात शिकणाऱ्याला त्या भाषेच्या लोकांत मिसळायचे असते. दुसऱ्यात भाषा हे साधन असते: नोकरी, परीक्षा, बढती. पहिली प्रेरणा अधिक टिकाऊ, असे सुरुवातीला मानले गेले. या मताला मोठा छेद मुंबईच्या मराठी मुलींमुळे गेला. यास्मीन लुकमानी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईतील मराठी भाषक शाळकरी मुलींना इंग्रजी का शिकायचे ते विचारले. त्यांना इंग्रजी बोलणाऱ्या वर्गात विरघळून जायचे नव्हते. त्यांना चांगली नोकरी हवी होती, जगाशी संबंध हवा होता. आणि ज्यांची ही साधनरूप प्रेरणा जास्त, त्यांचे इंग्रजीही चांगले होते. मराठीच राहून इंग्रजी मिळवण्याची इच्छा पुरेशी बळकट असते, हे या अभ्यासाने दाखवले. लिंबायतला तो आजही तंतोतंत लागू पडतो.

इथली कारणे अगदी हाताशी आहेत. बँकेच्या परीक्षेत इंग्रजीचा विभाग असतो. मार्केटमध्ये माल उचलण्याचे काम आणि ऑफिसात ईमेल लिहिण्याचे काम यांच्या पगारात अंतर असते. साड्या आता ऑनलाइन विकल्या जातात आणि प्रत्येक साडीखाली दोन ओळींचे इंग्रजी वर्णन लागते. वडिलांनी खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, बारा तासांच्या पाळीत यंत्रांच्या आवाजात आयुष्य काढलेले असते, त्यांचे एकच म्हणणे असते, ‘पोऱ्या, तू खात्यात येऊ नको.’ मुलींच्या बाबतीत आणखी एक कारण जोडले जाते. शिक्षण चालू आहे, क्लास चालू आहे, तोवर लग्नाची बोलणी थोडी लांबतात. ही प्रेरणा कुठल्याही प्रश्नावलीत बसत नाही, पण ती फार मोठी आहे.

हंगेरीचे झोल्तान डॉर्न्येई यांनी २००५ च्या सुमारास हीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडली. शिकणाऱ्याच्या मनात भविष्यातल्या स्वतःच्या दोन प्रतिमा असतात. एक, आपण जे होऊ इच्छितो ती. दुसरी, इतरांसाठी आपण जे व्हायला हवे ती. तिसरा घटक म्हणजे शिकण्याचा प्रत्यक्ष अनुभव: वर्ग, शिक्षक, सोबती. लिंबायतच्या घरांत दुसरी प्रतिमा फार ठळक असते. आईवडिलांच्या कष्टांचे ओझे मुलांना पाठ असते. पहिली प्रतिमा पुसट राहते, कारण आपल्याच गल्लीतून निघून सहज इंग्रजी बोलणारे माणूस त्यांनी जवळून पाहिलेले नसते. म्हणून कॉलेजने बाहेरचा मोठा वक्ता आणण्यापेक्षा तीन वर्षांपूर्वी याच वर्गातून गेलेली, आज बँकेच्या काउंटरवर बसणारी मुलगी अर्धा तास बोलावली तर उपयोग जास्त होतो. ती चुकत बोलली तरी चालेल, कदाचित तेच बरे.

आणि तिसरा घटक, अनुभव. बहुतेकांची प्रेरणा इथेच मोडते. इच्छा कमी असते असे नाही, ती एखाद्या विशिष्ट दिवशी विझलेली असते. पहिल्या वर्षाच्या वर्गात ओळख करून द्यायला सांगतात. मुलगी उभी राहते, ‘माय नेम इज’ म्हणते, पुढचे वाक्य ‘आय अॅम लिव्ह इन लिंबायत’ असे येते. मागच्या बाकावर कुणीतरी हसते. हसणे व्याकरणाला होते की लिंबायत या नावाला, हे तिला कळत नाही. दोन्ही शक्य असते. त्या दिवसानंतर ती हजेरीला ‘येस सर’पलीकडे इंग्रजी बोलत नाही. एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये वर्गातल्या या भीतीची मोजपट्टी तयार केली. तिच्यात ३३ विधाने आहेत आणि त्यांतली कित्येक चार लोकांसमोर बोलण्याच्या आणि इतरांच्या नजरेच्या धास्तीबद्दल आहेत. ही भीती स्वभावातून आलेली नसते. ती त्या भाषेपुरती, त्या खोलीपुरती असते. हीच मुलगी भाजीवाल्याशी हिंदीत आणि शेजारणीशी गुजरातीत कडाक्याचा वाद घालते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘ती लाजाळू आहे’ हे निदान किती उथळ आहे ते कळते.

आता पद्धतींकडे. रेबेका ऑक्सफर्ड यांनी १९९० मध्ये भाषा शिकण्याच्या युक्त्यांचे सहा गट केले. स्मरणाच्या, विचाराच्या, अडल्यास भागवून नेण्याच्या, अभ्यासाचे नियोजन करण्याच्या, मनाची घालमेल सांभाळण्याच्या आणि इतरांबरोबर शिकण्याच्या. कमजोर समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे युक्त्या नसतात हा समज चुकीचा आहे. त्याच्याकडे एक-दोनच असतात आणि त्या तो जिवापाड वापरतो.

त्याचे पाठ्यपुस्तक उघडून पाहावे. इंग्रजी ओळीवर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार, ओळीखाली निळ्या पेनने मराठी किंवा गुजराती अर्थ. पान इतके भरलेले की छापील अक्षरे गुदमरतात. या पानामागे तासन्‌तास मेहनत आहे, आळशी मुलाचे पान असे नसते. पण वाचताना डोळा सोप्या ओळीवर जातो. तो वर उच्चार वाचतो, खाली अर्थ वाचतो, मधली इंग्रजी ओळ न वाचताच राहते. पाच वेळा धडा वाचूनही शब्द नवाच वाटतो, कारण तो एकदाही वाचलेला नसतो. उपाय अगदी साधा आहे. अर्थ ओळीखाली न लिहिता वहीच्या उजव्या कडेला लिहायचे, ती कडा दुमडून ठेवायची, आणि आठवून पाहिल्यावरच उघडायची.

आठवून पाहण्यात इतके काय आहे, याचे उत्तर हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात आहे. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणारा सकाळी समाधानी का असतो आणि पुढच्या सत्रात कोरा का असतो, हे यावरून समजते. घोकंपट्टीला नावे ठेवून भागत नाही. पाठ करण्याची सवय ही या मुलांची ताकद आहे, फक्त पुस्तक मिटून म्हणण्याची जोड तिला द्यायला हवी. आरत्या आणि पाढे ही मुले अशीच शिकली.

किती शब्द शिकायचे, हाही प्रश्न मनावर दडपण आणतो. हाती शब्दकोश घेतला की धीर सुटतो. १९२०च्या दशकात ढाक्यात शिक्षक घडवणाऱ्या मायकेल वेस्ट यांना बंगाली मुलांचे असेच हाल दिसले. त्यांनी वाचनाला प्राधान्य दिले आणि नेहमी लागणारे शब्द निवडण्यावर आयुष्य घालवले. त्यांची १९५३ ची यादी सुमारे २,००० मूळ शब्दांची आहे. साध्या इंग्रजी मजकुराचा साधारण चार-पंचमांश भाग तेवढ्यात येतो. वर्तमानपत्र किंवा कादंबरी मदतीवाचून वाचायला पॉल नेशन यांच्या हिशेबाने आठ ते नऊ हजार शब्दकुले, म्हणजे मूळ शब्द आणि त्यांची रूपे, लागतात. कॉलेजच्या तीन वर्षांत ते उद्दिष्ट ठेवू नये. दोन हजारांत घरचे आणि मार्केटचे शेकडो आधीच आहेत. उरलेले दिवसाला तीन धरले तरी पदवीच्या आत हातात येतात.

शब्दांपेक्षा वाक्याची घडण अवघड, आणि तिथे घरच्या चार भाषा अडवतातही आणि तारतातही. ‘मला आवडते’ हे वाक्य घ्यावे. अहिराणीत ‘माले आवडस’, गुजरातीत ‘मने गमे छे’, हिंदीत ‘मुझे पसंद है’. चारही भाषांत आवड माणसाकडे चालत येते. इंग्रजीत माणूस स्वतः कर्ता होतो: ‘आय लाइक’. ‘मला भूक लागली’, ‘मला माहीत आहे’, ‘मला ताप आहे’ अशा सगळ्या वाक्यांची हीच तऱ्हा. एवढे एक सूत्र पाच उदाहरणांनी समजावले, तर डझनभर चुका एकदम निघून जातात. उलट ‘करत आहे’ हे रूप सोपे जाते. अहिराणीत ‘करी राहिना’, हिंदीत ‘कर रहा है’, गुजरातीत ‘करी रह्यो छे’. इंग्रजीतले ‘इंग’ लगेच बसते, इतके की मुले ते गरजेपेक्षा जास्त वापरतात आणि ‘आय अॅम नोइंग’ म्हणतात. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे आपल्या कुठल्याच भाषेत नाहीत. ती सर्वांत शेवटी येतात, आणि ती चुकली म्हणून कुणाचे बोलणे अडत नाही. म्हणून पहिल्या वर्षी त्यांवर लाल शाई खर्च करू नये.

अशी तुलना करायची तर शिक्षकाला वर्गात मराठी आणि गुजराती बोलण्याची मोकळीक हवी. ‘इंग्रजीच्या तासाला फक्त इंग्रजी’ ही पाटी श्रीमंत शाळांतून आली आहे. महाराष्ट्रात दुसऱ्या एका तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी, मग त्याच सांध्याची आणखी दहा वाक्ये, अशी ती रीत. बोलणे तिने फारसे शिकवले नाही, हे खरे. पण वाक्य कुठे आणि कसे फिरते हे तिने हाताला लावून दिले. ज्याला चार भाषा येतात त्याला तुलना करायला शिकवणे हा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

बोलण्यासाठी सोय लागते. गुजरात सरकारने २००७ मध्ये ‘स्कोप’ ही संस्था इंग्रजी प्रावीण्यासाठी सुरू केली आणि केंब्रिजच्या परीक्षेची जोड दिली. महाविद्यालयांत संगणकावरच्या भाषा-प्रयोगशाळाही आल्या. कानावर हेडफोन लावून ऐकणे उपयोगी असते, पण समोर माणूस नसेल तर भीती जात नाही. दुसरीकडे रस्त्यारस्त्यावर ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या पाट्या आहेत. आईने स्टोन लावून मिळवलेले पैसे तिथे भरले जातात आणि तीस दिवसांनी पाठ झालेल्या संवादांपलीकडे काही उरत नाही. महिन्याभरात भाषा देण्याचे वचन कुणालाच पाळता येत नाही, हे कुटुंबांना स्पष्ट सांगणे ही कॉलेजची जबाबदारी आहे.

त्याऐवजी जोडी करणे बरे. दोन मैत्रिणी, शक्यतो एकाच गल्लीतल्या. कॉलेजात जाता-येता ठरलेल्या एका थांब्यापर्यंत फक्त इंग्रजी, मग हवे ते. विषय आदल्या दिवशीच ठरवायचा: आज मार्केटला काय झाले, साडीचा एक पीस कसा तयार होतो. अडेल तिथे मराठी शब्द घालून वाक्य पूर्ण करायचे, थांबायचे नाही. ऑक्सफर्ड ज्याला भागवून नेण्याची युक्ती म्हणतात ती हीच. या मुलांना ती नवी नाही. गुजराती त्यांनी अशीच उचलली: चुकत, अर्धी हिंदी घालत, आणि तेव्हा कुणी हसले नाही म्हणून.

वेळेचा प्रश्न खरा आहे. सकाळी कॉलेज, दुपारपासून रात्री आठ-नऊपर्यंत मार्केट, घर एका खोलीचे, त्यात टीव्ही आणि लहान भावंडे. ‘रोज दोन तास इंग्रजी वाचा’ हा सल्ला अशा घरात अपमानासारखा वाटतो. विखुरलेली दहा-दहा मिनिटे मात्र निघतात, आणि स्मरणासाठी तीच चांगली. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते की एका बैठकीत कोंबलेल्यापेक्षा अंतर ठेवून उजळलेले जास्त टिकते. सकाळचे तीन शब्द बिलिंगच्या मधल्या सुट्टीत एकदा, झोपण्यापूर्वी एकदा, आठवड्याने पुन्हा एकदा.

प्रगती मोजायलाही परीक्षेखेरीज काही हवे, कारण परीक्षेत गुण पाठांतराचे मिळतात. फोन प्रत्येकाकडे आहे. जून महिन्यात एक मिनिट बोलून आवाज रेकॉर्ड करावा: घर, काम, आवडता सण. हा आवाज कुणाला ऐकवायचा नाही. डिसेंबरात तोच विषय पुन्हा बोलून दोन्ही शेजारी ठेवून ऐकावेत. जूनच्या मिनिटात चार वाक्ये आणि लांब शांतता असते. डिसेंबरात चुका असतातच, कधी वाढलेल्याही असतात, कारण वाक्ये वाढलेली असतात. शिक्षकाने त्या वेळी चुका मोजू नयेत, वाक्ये मोजावीत.